माझे सासरे वाचायला बसले की

माझ्या सासऱ्यांच्या हाती लागलेला कागद आजवर धड सुटलेला नाही. मुंबईत एका विमा कंपनीत दावे तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन देवगडला आले, पण खोड काही गेली नाही. आम्ही वाचतो ते वाचून सोडून द्यायला. ते वाचतात ते लिहिणाऱ्याला समोर उभं करून जाब विचारायला. एकदा शेजारच्या लग्नाची पत्रिका उलटसुलट पाहून म्हणाले, "मुहूर्त आसा, स्वागत आसा, पण जेवाण खंय आसा?" मी हसले. तरी मला घरी भात जेवायला लावूनच त्यांनी मांडवात नेलं. तिथे आइस्क्रीमवर बोळवण झाली, तेव्हा पोट भरलेली आम्ही दोघंच होतो. लिहिण्यातही सुटका नाही. देवळाच्या स्मरणिकेत जत्रेवर लेख लिहिताना मी हौसेने 'अभूतपूर्व गर्दी' म्हटलं. "गो, मगे गेल्या वर्साची गर्दी तू बघलंस?" गेल्या जत्रेला मी माहेरी, शिरोड्याला होते. शब्द खोडला. असा माणूस घरात म्हणजे रोजची परीक्षा, आणि पेपर तपासणारा जेवायला शेजारच्याच पाटावर!

दिवाळी नुकती होऊन गेली होती. माझा नवरा बोट घेऊन मासेमारीला गेलेला. सकाळी परतायचा, तो दुपार झाली तरी पत्ता नाही, फोन लागेना. तेवढ्यात गावाच्या ग्रुपवर मेसेज आला : 'विजयदुर्गाजवळ बोट बुडाली. सर्व बेपत्ता. देव कुटुंबीयांना धीर देवो. पुढे पाठवा.' खाली उलटलेल्या बोटीचा फोटो. मी ओरडले. शेजारीपाजारी धावून आले, रडारड सुरू झाली. सासऱ्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि ते वाचायला बसले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"बोटीचा नाव नाय. कधी बुडाली ता नाय. कोणी बघल्यान ता नाय. 'पुढे पाठवा' मात्र आसा."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मामांनू, तुमचो झील आसा बोटीवर! तपासतास काय?"

त्यांनी मान वर केली नाही. फोटो मोठा केला. "ही मागची होडी बघा. झापां घालून शाकारलेली आसा. ह्या दिसांत होडी कोण शाकारता?"

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकतात. जमलेल्यांनी जन्मभर तेच केलं होतं, आणि तोच फोटो पुढेही पाठवला होता. कोणीतरी "देव पावलो!" म्हणून हात जोडले. सासऱ्यांनी त्यालाही सोडलं नाही. "थांबा. फोटो जुनो, इतक्याच कळला. झील खंय आसा, ता हेच्यात नाय." आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. त्या घटकेला मला त्यांचा मनापासून राग आला.

संध्याकाळी बोट बंदराला लागली. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीने ओढत आणली. नवऱ्याला धडधाकट बघून मी आधी रडले, मग सासऱ्यांना विचारलं, "तुमका खात्री होती, मामांनू?"

"खात्री खंयची गो? रडाक येय होता, म्हणान वाचीत बसलंय."

एवढं बोलून ते मुलाच्या मागोमाग, त्याच्या ओल्या शर्टाचं टोक मुठीत धरून, घराकडे चालू लागले.