नाखव्याची दोन बोटं

नाखवा गाडीत बसण्याआधी चपला बाहेर काढून ठेवायचा. देवळात शिरतोय की काय, असं वाटायचं. मग शेजारच्या सीटवर बसून अनवाणी तळवे खालच्या पत्र्यावर टेकवायचा, उजव्या हाताची दोन बोटं स्टिअरिंगच्या कडेला हलकेच लावायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "चल बाय, सोड आता." गाडी मी चालवायची आणि तिची नाडी त्याने बघायची, असा आमचा रिवाज होता.

तो दहिसरच्या खाडीकाठचा कोळी. तरुणपणी होड्यांची मशिनं दुरुस्त करायचा, पुढे चेकनाक्याजवळ पत्र्याची शेड टाकून गाड्यांकडे वळला. नाखवा म्हणजे होडीचा मालक. याच्याकडे स्वतःची होडी कधीच नव्हती, पण कोळीवाड्यातलं ते नाव त्याच्याबरोबर शेडमध्ये आलं आणि तिथेच राहिलं. तो लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणायचा. मलाही. बोरीवलीत माझा दवाखाना होता, पेशंट मला 'डॉक्टरबाई' म्हणत वाकायचे आणि हा गृहस्थ "अगं बाय, बॉनेट उघड" म्हणून मोकळा व्हायचा. पहिल्या दिवशी मला राग आला होता, हे कबूल करते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आठवड्यातून दोनदा मी हायवेने वसईपलीकडच्या एका खेड्यात रुग्ण तपासायला जायची. माझी क्रीम रंगाची सेकंडहँड गाडी नाका ओलांडून वेग घेतला की साठाला थरथरायला लागायची, इतकी की शेजारच्या सीटवरची बॅग सरकत सरकत खाली पडायची. दोन गॅरेजवाल्यांनी प्लग बदलले, इंजिन उघडायचं म्हणाले. एकाने तर "लेडीज लोक क्लच नीट सोडत नाहीत" असं ज्ञान दिलं. त्याच्या तोंडावर दार आपटून मी निघाले ती थेट नाखव्याकडे.

त्याने बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. विचारलं, "थरथर कुठं लागते? हातान, का बुडान?"

असा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मी लाजत म्हटलं, "हातात."

"साठाला येते. नि पंच्याहत्तरला?"

"कमी होते."

"मंग पुढचं चाक हाय. बुडान लागली असती तर मागचं बघितलं असतं."

तरी तो खात्री केल्याशिवाय राहायचा नाही. नाक्यापलीकडे मोकळ्या रस्त्यावर मला सत्तरला न्यायला लावलं आणि म्हणाला, "आता न्यूट्रल कर." इंजिनाचा आवाज पडला, वेग साठावर उतरला, थरथर मात्र तशीच. "बघ, इंजिन बिचारं गप बसलं तरी हुडहुडी हाय. उगाच त्याचं पोट फाडत व्हते." हुडहुडी हा त्याचा शब्द. थंडीतापाने माणूस कापतो तशी गाडी कापते, असं त्याचं म्हणणं.

शेडमध्ये परत आल्यावर त्याने चाक जॅकवर उचललं, हाताने हळू फिरवलं आणि सोडून दिलं. चाक डुलत डुलत थांबलं. खाली आलेल्या जागी खडूने खूण केली. दुसऱ्यांदा फिरवलं, तीच खूण खाली. म्हणजे ती बाजू जड. मग समोरच्या बाजूला रिमवर शिशाचा तुकडा बसवला. हे शिसं बाजारातलं नव्हतं. मासेमारीच्या जुन्या जाळ्यांना बांधलेल्या शिशाच्या गोळ्या तो वितळवायचा. कानशीने घासून घासून त्याने तो तुकडा इतका हलका केला की चाक कुठेही सोडलं तरी तिथेच उभं राहायला लागलं. त्या संध्याकाळी मी ऐंशीने घरी आले आणि बॅग जागची हलली नाही.

एकदा एक शेठ मोठ्या तोऱ्यात आला होता. गाडी थरथरते, इंजिन नवीन टाक, म्हणत होता. नाखव्याने चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला, वाळलेल्या चिखलाची वीतभर खपली काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "हे घरी ने, कुंडीत टाक." शेठ बराच वेळ ती खपली धरून उभा होता. असा आनंद लुटायला मी काही काम नसतानाही त्याच्या शेडवर थांबायची. रोग्याला आधी नीट विचारावं, मग हात लावावा, हे मला कॉलेजातही शिकवलं होतं, पण पटलं ते तिथे.

चार-पाच वर्षं अशी गेली. मग मी नवे टायर घातले आणि नेहमीप्रमाणे त्याला दाखवायला नेले. दोन बोटं कडेला ठेवून तो म्हणाला, "हुडहुडी हाय."

मला काहीच जाणवत नव्हतं. त्याने चाक काढलं, शिसं लावलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, दुसरं चाक. गाडी सुतासारखी चालली होती आणि हा माणूस कपाळाला आठ्या घालून म्हणत होता, "सापडंना कशी?"

मला मात्र सापडलं होतं. नवे टायर दाखवले त्या पहिल्याच दिवशी बाकावर बसून बोलताना त्याचा उजवा अंगठा तर्जनीवर फिरत होता, गोळी वळावी तसा. चालताना पावलं आखडली होती. चेहऱ्यावरचं हसू उशिरा उमटत होतं. कंपवात. मी डॉक्टर होते, रोज लोकांना रोगांची नावं सांगत होते, आणि या माणसाला सांगायला माझी जीभ उचलेना. ज्याची सारी अक्कल त्या बोटांत, त्याला काय म्हणून सांगायचं? मी भित्रेपणा केला. तीन आठवडे त्याला चांगली चाकं सोडवू दिली.

तिसऱ्या खेपेला नाक्यापलीकडे तो म्हणाला, "थांब जरा. बाजूला घे." मी गाडी कडेला घेतली, चावी फिरवली. इंजिन बंद झालं. ट्रक जात होते, ते गेल्यावर शांत झालं. त्याची बोटं अजून स्टिअरिंगवर होती.

"बाय, गाडी बंद हाय ना?"

"हो."

त्याने डोळे उघडून बोटांकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं.

"तुला ठाव व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं होतं, तो खचेल. तो भडकला. "मंग माझ्याकडून चाकं कशाला काढवलीस? चांगल्या गाडीला मी रोग लावत बसलो! एवढी शिकलेली तू, तोंड नाय तुला?"

मला रडू आलं. तो मात्र रोगाचं नाव विचारत होता. मी सांगितलं. बरा होईल का, विचारलं. नाही म्हटलं. किती दिवस हात चालतील, तर खरंच माहीत नाही म्हटलं. त्याने मान हलवली. शेडवर आल्यावर त्याने तीन आठवड्यांत लावलेलं सगळं शिसं स्वतः उपटून काढलं, एकेक तुकडा. काम करताना हात कापत नव्हता. या रोगात पुष्कळदा असं होतं, हात एका जागी धरला की कंप परत येतो. त्यानंतर तो ब्रेक बघायचा, क्लच बघायचा, पण थरथरीची गाडी आली की सरळ परत पाठवायचा.

महिन्याभराने मी औषधं घेऊन कोळीवाड्यात त्याच्या घरी गेले. तो पडवीत बसला होता. आत चुलीपाशी त्याची बायको मला हळूच म्हणाली, "बरं झालं तू बोललीस. आमाला सगळ्यांना दिसत व्हतं. वरीसभर मी त्याला कप अर्धाच भरून द्यायची, सांडू नये म्हणून. तो म्हणायचा, हल्ली दूध महाग झालं का गं?" हे सांगताना ती हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

मग तिने चहा गाळला, त्याचा कप काठोकाठ भरला आणि आम्ही तो पडवीत घेऊन आलो. नाखव्याने तो उचलला. निम्मा बशीत, थोडा लुंगीवर सांडला. आम्ही दोघी एकदम पुढे झालो.

"बसा गप," तो म्हणाला, आणि बशी तोंडाला लावली.