काजळमुख्यांची म्हातारी

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. आता तुम्हाला सांगतेय.

मी मोबाइलवर ऐकायच्या जादूच्या गोष्टी लिहिते, हिंदीत. इथे हिंदी मुलखात, शहराच्या लष्कर नावाच्या भागात राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींना त्याचं फार कौतुक. माझ्या मालिकेत डोंगरावरच्या किल्ल्यात गोरेपान, तेजस्वी माणसं राहतात आणि पायथ्याला काजळमुखे. काळे, घाणेरडे. त्यांचा हात लागला की किल्ल्यातला रत्नदीप विझतो. लोक म्हणतात, काय कल्पनाशक्ती! कल्पनाशक्ती — कसली?

शाळेत सुनीता माझी मैत्रीण होती. किला गेटजवळच्या वस्तीत राहायची. तिची जात आमच्याकडे कुणी मोठ्यानं उच्चारत नसे — नुसतं 'ते लोक'. ती येऊन गेली की आई खुर्चीचं कव्हर धुवायला टाकायची. आणि मी? मी ते काढून द्यायची. मुकाट्यानं. तिच्या घरी मात्र पोटभर पराठे खायची. तिची अम्मा शेजारी बसून वाढायची. पुढचा दात पडलेला, म्हणून हसताना तोंडावर तळवा धरायची. घरी आल्यावर मी सांगायची, तिकडे काही खाल्लं नाही.

मालिकेत एक चेटकीण हवी होती. मला शोधावंही लागलं नाही. काजळमुख्यांची म्हातारी — हसताना तोंडावर तळवा धरते, कारण दातांना लहान पोरांचं रक्त लागलेलं असतं. लिहिताना मजा येत होती. कसं सांगू — खरंच मजा येत होती.

गेल्या वर्षी सुनीताचा फोन आला. किती वर्षांनी! ती आता बँकेत आहे. तिची मुलगी माझी मालिका ऐकायची. एकदा आजीला हसताना पाहून ती किंचाळली, नानी काजळमुखी आहे म्हणून. तेव्हापासून आजीच्या हातचं खात नाही. सुनीता हे सगळं शांतपणे सांगत होती. मग तिनं विचारलं, "एक बात सच बता. वो मेरी अम्मा है ना?"

"नहीं यार," मी म्हणाले, "सब मन से बनाया है."

"ठीक है," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पुन्हा केला नाही. मीही नाही.

घाबरून खोटं बोलले, असं एक वेळ म्हणता येईल. पण पुढचं? म्हातारीला मालिकेतून गुपचूप काढता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. मी तिला ठेवलं — ऐकणाऱ्यांना तीच आवडायची — आणि शेवटी किल्ल्यातल्या राजकन्येच्या हातून जिवंत जाळलं. तिच्या किंकाळ्या लिहिताना ती कोण आहे, हे मला पक्कं माहीत होतं.

तो भाग सगळ्यात जास्त ऐकला गेला. मी घरी पेढे आणले. सगळ्यांना वाटले, आणि दोन स्वतः खाल्ले.