परसातलं सांबार

घराच्या मागच्या अंगाला आम्ही पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या, त्याला आता तिसरा हिवाळा आहे. वर कवेलूचं छप्पर, खाली साधी फरशी, बाहेर न्हाणीघर आणि पाणी तापवायची चूल. जंगल बघायला येणारे काही लोक मोठ्या रिसॉर्टात न उतरता आमच्याकडे उतरतात. फोनवर बोलणं, जिप्सी ठरवणं, या-बसा म्हणणं हे सगळं माझे धनी करतात. ते जंगलाच्या गेटवर गाइड आहेत. त्यांना बोलायला आवडतं. मी रांधते, चादरी धुते, ताट ठेवते आणि दाराआड उभी राहते. नव्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. लहानपणीही तसंच होतं. चौथीपर्यंत शाळेत होते, तर हजेरीला सुद्धा माझा आवाज गुरुजींपर्यंत पोचत नसे.

गेल्या हिवाळ्यात पुण्याकडचं एक जोडपं आलं. बाई शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचे यजमान कमी बोलणारे, नेहमी टोपी घातलेले. दोघंही शाकाहारी, हे त्यांनी फोनवरच दोनदा सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी धन्यांनी त्यांना घर दाखवलं. परसाकडे हात करून म्हणाले, "रात्री इथपर्यंत सांबर येते. आवाज आला तर घाबरू नका. हरणासारखं, पण मोठं, शिंगवालं."

बाईंना ते फार आवडलं. आवडलं असं त्यांनी म्हटलेलं ते त्या मुक्कामातलं पहिलंच, आणि नंतर पुष्कळ वेळ शेवटचंही.

दुसऱ्या दिवशी उठल्यापासून तक्रारी सुरू झाल्या. कोंबडा पहाटे ओरडतो. मी संध्याकाळी कोंबडा टोपल्याखाली झाकला, तर तो टोपल्याखालून आरवला. आंघोळीच्या पाण्याला धुराचा वास येतो. मी वाळकी, बारीक लाकडं निवडून लावली, तरी धूर तो धूरच. कवेलूवर माकडं उड्या मारतात, त्यांना काही सांगता येत नाही का? भिंतीवर पाल आहे. चहा गोड आहे. मग चहा अगोड आहे. आणि सफारीत वाघ दिसला नाही, तेव्हा तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो शिकेकाईच्या डब्यात लपवून ठेवला होता.

मी सगळ्याला मान डोलवायची आणि जमेल ते करायची. मला राग येत नव्हता. माणूस घरापासून लांब आला की त्याला झोप लागत नाही, पोट बिघडतं, मग तो कोणावर तरी चिडणारच.

एकाच गोष्टीने मी एवढीशी झाले. मी म्हटलं होतं, "चहा आणतो जी."

"आणतो?" बाई म्हणाल्या. "बाई आहात ना तुम्ही? आणते म्हणायचं."

आमच्याकडे बायाही बोलताना करतो, जातो असंच बोलतात. लिहिताना मी करते लिहिते, तेवढं शाळेने शिकवलं. पण त्यांनी तसं म्हटलं आणि मी पुन्हा फळ्यासमोर उभी राहिले. त्यानंतर मी एका शब्दाच्या वर उत्तर देणंच सोडलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धनी दुसऱ्या पाहुण्यांच्या गाडीबरोबर जंगलात गेले होते. हे दोघं घरीच होते. बाईंचं तोंड उतरलेलं. मी विचार केला, आज काहीतरी चांगलं करावं. आपलं हातखंडा काम म्हणजे सांबारवडी. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. बारीक चिरून, खोबरं, तीळ, खसखस, मसाला घालून कढईत परतायचं, बेसनाच्या पारीला चिंचेचं पाणी लावून त्यात ते भरायचं, दुमडायचं आणि तळायचं. माझं माहेर सावली गावाकडचं. तिथे धानाची कापणी झाली की बांधावर आई सांबार टाकायची. मी इथे परसात टाकते.

मी गरम वड्या आणि कढी नेऊन ठेवली. व्होल्टेज कमी होतं, दिवा पिवळा झाला होता. दोघांनी एकेक खाल्ली. मग दुसरी. मी दाराआडून पाहत होते. कोणी काही बोललं नाही, म्हणजे तक्रार नव्हती.

"वेगळीच चव आहे हो," बाई म्हणाल्या. "ऐकलंत का? आत काय घातलंय?"

"सांबार."

"सांबर?"

"हो जी."

त्यांचा हात थांबला. "कुठून मिळतं तुम्हाला?"

"परसात."

"परसातलं? तुमचे मिस्टर म्हणत होते ते?"

धनी तर सगळ्यांनाच माझ्या सांबाराचं कौतुक सांगतात. मी मान डोलवली. "आज दुपारीच कापलं."

"कोणी?"

"मीच. विळ्यानं."

आता बाईंच्या यजमानांनी हातातली वडी ताटात ठेवली.

"आणि तुमच्या मिस्टरांना हे चालतं?"

"त्यायलेच तर लय आवडते."

"सगळं... सगळं यातच घातलंत?"

"नाई जी. लय गंज होतं. शेजारी वाटलं."

बाई उठल्या आणि तोंड धुवायला अंगणात धावल्या. मला वाटलं, मिरची लागली. मी गुळाचा खडा घेऊन मागे गेले.

"गूळ नको मला!" त्या ओरडल्या. "कोंबडा सहन केला, धूर सहन केला. पण हे नाही. मी फॉरेस्टच्या ऑफिसला फोन करणार. मग बघते तुमचे मिस्टर गेटवर कसे उभे राहतात ते."

माझ्या हातातून गूळ पडला. आमच्या गावात गेटचं काम म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. आधी धनी राजुऱ्याकडे कामाला जायचे. महिना-महिना घरी नसायचे. गेटवर लागले तेव्हापासून रोज रात्रीचं जेवण आम्ही एकत्र जेवतो. पाहुण्याची तक्रार वर गेली की आधी माणसाला घरी बसवतात, खरं-खोटं मागाहून. आणि मी काय केलं होतं, तेच मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे रेंज फक्त न्हाणीघराजवळच्या पेरूखाली येते. बाईंना ते माहीत होतं, कारण त्याचीही तक्रार झाली होती. त्या पेरूखाली गेल्या, गेटच्या पावतीवरचा नंबर पाहून लावू लागल्या. मी मागे मागे. तोंडातून कसंबसं निघालं, "काऊन जी? का झालं?"

"का झालं म्हणून विचारता? संरक्षित प्राणी आहे तो! तुम्ही कापता, खाता, शेजारी वाटता आणि आम्हा शाकाहारी माणसांना तळून वाढता!"

प्राणी? मी इकडे-तिकडे पाहिलं. कोणता प्राणी? समोर माझा सांबाराचा वाफा होता. त्याच्या भोवती बोरीच्या काट्या आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधलेल्या. रात्री सांबर येऊन खाऊ नये म्हणून.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

"हसता काय?" बाईंनी फोन कानाला लावला होता. आतली रिंग मलाही ऐकू येत होती.

बोलून जमणार नाही हे मला माहीत होतं. मी काट्या सारून वाफ्यात गेले, सांबाराचं एक झाड मुळासकट उपटलं आणि मातीसकट त्यांच्या नाकासमोर धरलं.

"हे जी. हे सांबार. आमचं सांबार हेच. ते शिंगाचं सांबर वेगळं. आम्ही ते नाई खात. ते हे खाते!"

इतकं मी एका दमात कोणाही परक्या माणसाशी कधी बोलले नव्हते.

बाईंनी एक पान तोडलं, चुरगळलं, हुंगलं. फोनमधून कोणीतरी "हॅलो, हॅलो, कोण बोलून राह्यलं?" असं म्हणत होतं.

"राँग नंबर," बाई म्हणाल्या आणि फोन बंद केला.

मागे पायरीवर त्यांचे यजमान ताट घेऊन उभे होते. ठेवलेली वडी त्यांनी उचलली आणि तोंडात टाकली. "अगं, शाकाहारी आहे सांबर," ते म्हणाले. "हेही आणि तेही." मग ते असे हसले की टोपी कढीत पडते की काय असं झालं.

बाई लगेच हसल्या नाहीत. त्या झाडाकडे पाहत म्हणाल्या, "पण कोथिंबीर वडी उकडून, कापून करतात. ही काही कोथिंबीर वडी नव्हे."

"नाई जी," मी म्हटलं. "हे सांबारवडी हाये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचेही खांदे हलू लागले.

तेवढ्यात धन्यांची मोटरसायकल अंगणात आली. बाईंनी चेहरा एकदम वर्गातल्यासारखा कडक केला. "अहो, या इकडे. तुमच्या बायकोनं परसातलं सांबर कापलं. आम्हाला खाऊ घातलं आणि शेजारीही वाटलं."

धनी हेल्मेट काढता काढता थांबले. दिव्याच्या उजेडातही त्यांचा रंग गेलेला दिसला. "अवं," ते मला म्हणाले, "का म्हणून राह्यल्या ह्या?"

मी हातातलं झाड वर केलं. ते एकदा झाडाकडे, एकदा बाईंकडे बघत राहिले आणि मग पायरीवरच बसले.

"आणि मीठ जरा जास्त पडलंय," बाई म्हणाल्या. उरलेल्या वड्या मात्र संपल्या. धन्यांना एकच मिळाली.

सकाळी नाश्त्याच्या वेळी बाई स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "पोह्यावर सांबार टाका. भरपूर," असं म्हणाल्या. बा चांगला लांब करून, शुद्धलेखन घालावं तसा.

निघताना कोंबड्याची तक्रार पुन्हा केलीच. मी गाडीपर्यंत गेले. मी कधी जात नाही. "पुन्हा या जी," म्हटलं, "वडी करून ठेवतो."

ठेवतो म्हटल्यावर मीच दचकले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"ठेवा," त्या म्हणाल्या.

चार-पाच दिवसांनी, बाईंनी आमच्या खोल्यांबद्दल नेटवर लिहिलेलं धन्यांनी फोनमध्ये वाचून दाखवलं. कोंबडा होता, धूर होता, माकडं होती, रेंज नाही हेही होतं. एकही गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या. शेवटी लिहिलं होतं, सांबारवडी जरूर खावी, घाबरू नये.

आता जो पाहुणा येतो तो आधी तेच विचारतो. "ती घाबरू नये म्हणतात ती वडी कोणती हो?" धनी उत्तर देत नाहीत. ते आत बघून हाक मारतात, "अवं, तूच सांग." आणि मी हातात सांबाराची एक काडी घेऊन दाराबाहेर येते.