केबिनखालचं पाणी

आखातातल्या रुवीबाहेरच्या आमच्या कामगार-कॅम्पात आमची राहायची पोर्टाकेबिन सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभी आहे. लाकडी तळ आणि जमीन यांच्यामध्ये हातभर पोकळी, आणि तिच्यात महिनाभर गटाराचं पाणी साचलेलं. खालच्या बंकवर झोपणाऱ्या रत्नागिरीच्या काकांचा खोकला त्या ओलीमुळे थांबेना. मी तक्रारीवर तक्रार केली. कॅम्पबॉस प्रत्येक वेळी म्हणायचा, "इन्शाल्ला, उद्या." शेवटी एकदाचा तपासणीला माणूस येणार असं ठरलं.

त्या सकाळी ड्यूटीवरून परतलो, तर काकांनी कुजलेल्या फळ्यांवर नवं लिनोलियम अंथरलेलं, फटी चिंध्यांनी बुजवलेल्या आणि वर उदबत्त्या लावलेल्या.

"काका, हे काय केलंत? त्याला वास यायलाच हवा होता!"

"गप रे, पुढाऱ्या. पावण्याला घाण दाखवतात काय?"

पाहुण्याने चहा घेतला, खोलीचं कौतुक केलं आणि तळ कोरडा असल्याचं लिहिलं. "जरा खाली वाकून बघा," असं मी म्हणणार, तोच काकांनी माझा हात दाबला. कंपनीच्या लबाडीवर मी कितीतरी पत्रकं लिहिली होती. आमच्या या सभ्यपणावर एकही नाही. काका त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले. परत येताना तीनदा थांबून खोकले.