फोन डब्यात, खिसा फुगलेला

आमच्या यांनी फोन मुकाट्याने डब्यात ठेवला, तेव्हाच मला संशय आला.

डबा पापडाचा होता, देवपूरला राहणाऱ्या आमच्या लेकीच्या, रूपालीच्या घरचा. नातवंडांना घेऊन वॉटर पार्कला जायचं ठरलं होतं आणि तिने सकाळीच फर्मान काढलं, "आज कुणाचा फोन नाही, कॅमेरा नाही. मागच्या खेपेला नानांनी अख्खी जत्रा फोनच्या काचेतून पाहिली."

नाना म्हणजे हेच. जामनेरला घरी हे एका हाताने जेवतात, कारण दुसऱ्यात फोन असतो. मी भाजीत मीठ विसरले तरी कळत नाही. (दोनदा मुद्दाम विसरून पाहिलंय.) एक दिवस या माणसाने माझ्याकडे तोंड करून दोन शब्द बोलावेत, एवढीच माझी इच्छा होती.

"नाना, चालेल ना?"

"न चालायला काय झालं? फोनवाचून कुणाचं अडतं का?"

हे कोण बोलतंय? शेतात रेंज मिळत नाही म्हणून विहिरीच्या कठड्यावर चढणारा माणूस! वर गाडीत मला विचारलं, "तुला खिडकीची जागा हवी का?" लग्नानंतर पहिल्यांदाच. माझा संशय पक्का झाला. यांच्याकडे दुसरा फोन होता.

पार्कात सगळ्या पुरुषांना भाड्याच्या एकसारख्या निळ्या हाफ चड्ड्या दिल्या. मी लुगड्यातच पिशव्या सांभाळत बसले. हे कपडे बदलून आले, तर चड्डीचा खिसा चांगलाच फुगलेला.

"खिशात काय आहे?"

"काही नाही." आणि हात खिशावर. "मी जरा येतो."

परत आले ते ओलेचिंब. म्हणाले, "पाय घसरला." थोडा वेळ बसले आणि पुन्हा "जरा येतो". आता मात्र मी पिशव्या रूपालीच्या ताब्यात दिल्या आणि यांच्या मागे निघाले.

पण गर्दीत शिरल्यावर घोळ झाला. सगळीकडे निळ्याच चड्ड्या. त्यात यांच्या डोक्यावर टोपी नाही. यांची टोपी फक्त झोपताना निघते आणि तेव्हा दिवा बंद असतो. म्हणजे बिनटोपीचा आपला नवरा पाठीमागून कसा दिसतो, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. शेवटी एक टक्कल आणि एक फुगलेला खिसा दिसला. माणूस इकडेतिकडे बघत गोळ्याच्या गाडीमागे शिरला. मी किराणावाल्याशीसुद्धा बोलायला लाजते, पण त्या दिवशी कुठून धीर आला कोण जाणे. मागून जाऊन खिसाच पकडला.

"काढा बाहेर. मला सगळं माहीत आहे."

माणूस वळला. ते हे नव्हतेच! त्या बिचाऱ्याने तंबाखूची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि हात जोडले. "ताई, आमच्या हिला सांगू नका."

त्यांची ही माझ्याच मागे उभी होती.

"सोडली म्हणत होतात ना? चला तुम्ही भुसावळला, मग बघते."

मी पळाले. पळता पळता रस्ता चुकले. रूपाली दिसेना, नातवंडं दिसेनात, फोन पापडाच्या डब्यात. एका रखवालदाराने मला माइकवाल्याच्या खोलीत नेऊन सोडलं.

"अक्का, मालकांचं नाव सांगा, पुकारतो."

"नाव मी घेत नाही."

"मग हाक कशी मारू?"

"मी मारते तशीच."

त्याने कपाळाला हात लावला आणि माइक माझ्यापुढे सरकवला. मी अगदी हळू म्हणाले, "अहो, इकडे या ना." माइकला हळू कळत नाही. पार्कभर माझा आवाज घुमला.

आणि नवरे यायला लागले. चहूबाजूंनी, निथळत, धापा टाकत. भुसावळचे सगळ्यांत आधी पोचले आणि मला पाहून सगळ्यांत आधी पळाले. बाकीच्यांची दारापर्यंत रांग लागली. माइकवाला धुळ्याचा. तो गंभीरपणे म्हणाला, "अक्का, बठ्ठा उनात. यासमा तुमना कोनता शे?"

सगळे आले होते खरे, पण त्यांत आमचे नव्हतेच. मला रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात रांगेच्या शेवटी आणखी एक टक्कल येऊन उभं राहिलं. त्या माणसाने खिशातून ओलं फडकं काढलं, पिळलं, झटकलं आणि डोक्यावर ठेवलं. टोपी! आता मी यांना ओळखलं. मागे चारपाच पोरं नाचत होती. "आजोबा, अजून एकदा सोंडेतून!"

हे लहान पोरांच्या घसरगुंडीवर, हत्तीच्या सोंडेतून घसरत होते.

"सांगायचं तरी," मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर सगळे बघायला आले असते. सकाळी फोन डब्यात गेले तेव्हाच ठरवलं, आज घसरायचं. एरवी रूपालीने फोटो काढला असता आणि चड्डीतला, बिनटोपीचा मी संध्याकाळपर्यंत अख्ख्या जामनेरात पोचलो असतो." मग म्हणाले, "चल, तूही बस सोंडेत."

मी बसले नाही. पण परतीच्या वाटेवर हे घरापर्यंत बोलत होते, माझ्याकडे तोंड करून.

आता फोन पुन्हा यांच्या हातात आहे. पण मी "अहो" म्हटलं की तो ठेवून लगेच येतात. म्हणतात, "उशीर केला तर दुसरे पोचायचे." परवा तर जेवताना म्हणाले, "आज भाजीत मीठ कमी आहे."

इतका बदल मला काही बरा वाटला नाही. मीठ वाढता वाढता मी हळूच यांचा खिसा चाचपून पाहिला.