कोंडीबामामांची टाच

संशय एकदा शिरला की चिवट पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो आणि जाताना किस्से ठेवून जातो. नव्वदच्या दशकात नगरच्या आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये तर तो कायमचाच राहायला होता!

गुंजाळ सर आमचे गाईड. साळवे मॅडम आणि मी एम.ई.चे विद्यार्थी. गेटवरचे कोंडीबामामा सोनईकडचे. दिवसभर उभं राहून त्यांची टाच इतकी ठणकायची, की ते नोकरी सोडायची भाषा करायला लागले. फार वाईट वाटायचं हो!

सर म्हणाले, "मामांच्या पायाचा साचा घ्या. तोच पाय कॉम्प्युटरमध्ये जमिनीवर टेकवा. दाब कुठे येतो ते कळलं, की तिथे मऊ सोल घालू."

*

कॉम्प्युटरला पाय बारीक तुकड्यांत लागतो. त्या जाळीला मेश म्हणायचं. मी तिकोनी तुकडे पाडले, मॅडमनी विटांसारखे. माझा दाब आला टाचेच्या मागच्या कडेला, त्यांचा आतल्या बाजूला.

"कोण थापा मारतंय?" सरांनी विचारलं.

"सर, मेशमुळे फरक पडतो."

"मेशला काय पडलंय? डिग्री तुम्हाला हवीय!"

*

रूममध्ये चपला चालायच्या नाहीत. सर आपल्या चपला पिशवीत घालून आत आणायचे. म्हणायचे, "पायावर रिसर्च करणाऱ्यांचा भरवसा नाही!"

*

मॅडम माझी फाईल बदलतात असा मला दाट संशय. म्हणून मी फ्लॉपी जेवणाच्या डब्यात ठेवायला लागलो. एकदा तिला ठेच्याचं तेल लागलं.

मॅडम म्हणाल्या, "तरीच तुमचं उत्तर तिखट येतं!"

*

शेवटी दोघांनीही तुकडे आणखी बारीक केले. मशीन दोन दिवस घरघरत होतं. आणि काय आश्चर्य, दोन्ही उत्तरं एकाच जागी! आतल्या बाजूला. मॅडम जिंकल्या.

सर मात्र भडकले. "जुळलं? म्हणजे आता नक्की कॉपी केली!"

*

सोल तयार झाला. मामांनी पंधरा दिवस इमानदारीने घातला.

"काय मामा, टाच?"

"तशीच ठणकती सायेब. लई."

आमचे चेहरे पडले. माझा संशय विटांवर, मॅडमचा तिकोनांवर, सरांचा आम्हा दोघांवर. शेवटी सर स्वतःच खाली बसले. "दाखवा पाय."

मामांनी उजवा पाय पुढे केला. साचा, मेश, सोल, सगळं डाव्याचं!

"अहो मामा, दुखतो उजवा, मग साच्याला डावा का दिलात?"

मामांनी आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं.

"म्हनलं, आधी बरा पाय देऊन बघू, बरा ऱ्हातो का!"