तेवढं काचेचं लिहू नका, साहेब

पावसात गाडीच्या काचेवर आतून वाफ धरली की माझा हात आपोआप खिशातल्या फडक्याकडे जातो आणि ती केस समोर उभी राहते. पोलीस खात्यात माणूस खून बघतो, दरोडे बघतो, मीही बघितले. पण ‘साहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कोणती?’ असं कुणी विचारलं की मी सांगतो ती एका अपघाताची. ऐकणारे हिरमुसतात. हिरमुसोत बापडे. त्या केसमध्ये मी जे पाहिलं ते दरोड्यात कधी दिसलं नाही.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तेलगावकडून धारूरच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याचा काही भाग आमच्या हद्दीत येई. सीताफळाचे दिवस होते आणि परतीच्या पावसानं कहर मांडला होता. भर दुपारी एक फळविक्रेता डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन, हातगाडी ढकलत, रस्त्याच्या कडेनं घरी चालला होता. मागून आलेल्या गाडीनं त्याला उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळीकडे सीताफळांचा गर आणि बिया पसरलेल्या, आणि त्यात दिव्याच्या फुटक्या काचा. ब्रेकच्या खुणा पावसात राहत नाहीत, त्यामुळे गाडी थांबवायचा प्रयत्न झाला की नाही, हेही कळेना. जखमीला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात हलवलं. तो बेशुद्ध होता.

त्याची बायको ठाण्यात आली आणि ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसली. रडणं नाही, आरडाओरडा नाही. मी पुढे गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, “साहेब, पावसात दिसलं न्हाई, मान्य हाय. पर आवाज बी आला न्हाई का त्याला?”

तिचा प्रश्न मी तिच्याच शब्दांत डायरीत लिहून घेतला.

खबर आली ती एका गॅरेजवाल्याकडून. कुणीतरी फोनवर एका मोठ्या गाडीचा डावा दिवा मागत होतं, पण गाडी गॅरेजला आणायला तयार नव्हतं. ‘गाडी का आणत न्हाईत, असं विचारलं तर फोनच ठेवला साहेब,’ गॅरेजवाला म्हणाला. त्या धाग्यावरून आम्ही एका बड्या बागायतदाराच्या शेतावरच्या पत्र्याच्या शेडपर्यंत गेलो. घराणं राजकारणातलं, शब्दाला वजन असलेलं. ताडपत्रीखाली पांढरी गाडी उभी होती, डावा दिवा फुटलेला, बॉनेट चेपलेलं. दिव्याचे तुकडे जुळले. आत कशालाही हात न लावता मी पंचनामा केला आणि गाडी ओढून ठाण्याच्या आवारात आणून उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरचा जुना ड्रायव्हर हजर झाला. “गाडी मी चालवत व्हतो, साहेब. जी काय सजा असंल ती द्या.”

या माणसाला मी ओळखत होतो. सगळा तालुका ओळखत होता. मालकापासून चहाच्या टपरीवाल्यापर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. एका दौऱ्याच्या बंदोबस्तात मी त्यांच्या गाडीत बसलो होतो. घाटात आभाळ फाटलं, पुढच्यामागच्या गाड्या दिवे लावून कडेला थांबल्या, आणि आमची गाडी आपली चालतेच आहे. मी खिडकीतून बघितलं, साईडच्या आरशात मागचा वळणावरचा दगडसुद्धा साफ दिसत होता. आरशावर पाणी ठरतच नव्हतं, पातळ होऊन खाली उतरत होतं. मी विचारलं, तर चाचा म्हणाले, “कच्चा बटाटा कापून घासतो सकाळी. आतल्या काचेला जुन्या धोतराचं धुवट फडकं. एसी लावायचा तर बाहेरची हवा आत घ्यायची, न्हाईतर खिडकी बोटभर खाली. आन् एवढं करून आरशात दिसलंच न्हाई तर काच पुरी खाली करून मुंडकं बाहेर काढायचं. भिजलो तर भिजलो.” गाडीत बसणारा कुणी काचेला बोट लावू लागला तर ते सरळ हात धरत. आमदार असो की पाहुणा.

तर असे चाचा माझ्यासमोर गुन्हा कबूल करत होते. मी त्यांना आवारात नेऊन गाडी दाखवली. त्यांनी सवयीनं खिशातून फडकं काढलं, दाराजवळ वाकले आणि खिडकीतून पुढच्या काचेच्या आतल्या बाजूकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. हवालदारानं ‘हात लावू नका’ म्हणायच्या आत फडकं परत खिशात गेलं. चेपलेल्या बॉनेटकडे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मग जबाब सुरू झाला. माझा रायटर लिहिण्यात पटाईत. त्यानं ठरलेल्या साच्यात लिहिलं की पाऊस जोराचा असल्याने व काच आतून धुरकट झाल्याने हातगाडी दिसून आली नाही. जबाब वाचून दाखवताना चाचांनी हात वर केला.

“तेवढं काचेचं लिहू नका, साहेब.”

“अहो चाचा, ते तुमच्याच बाजूचं आहे. दिसलं नाही म्हटलं तर कोर्ट विचार तरी करेल.”

“न्हाई. माझी काच धुरकट झाली न्हाई. कधीच झाली न्हाई.”

“मग माणूस दिसला?”

त्यांनी खिशातलं फडकं चाचपलं. “दिसला व्हता.”

“दिसत असताना ठोकलं? याचा अर्थ कळतो का तुम्हाला? कलम बदलतं. निष्काळजीपणा राहत नाही, ते वेगळंच होतं. आयुष्य जाईल आत.”

“लिवा तसं.”

रायटरची लेखणी थांबली. मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेलो. तुरुंगात कमी दिवस जावेत म्हणून आरोपी काय काय खोटं बोलतात, हे मी आयुष्यभर ऐकलं. जास्त दिवस पडतील असं खोटं बोलणारा मी पहिल्यांदा बघत होतो, आणि तेही काच अस्वच्छ होती असं म्हणायला नको म्हणून. न केलेला गुन्हा अंगावर घ्यायला तयार, पण न केलेली हयगय अंगावर घ्यायला तयार नाही. मला खरं सांगायचं तर त्या माणसाची भीतीच वाटली. देवळात गाभाऱ्यासमोर वाटते तशी. तो गाडी चालवत नव्हता याबद्दल आता मला शंका उरली नव्हती. पण माझी खात्री म्हणजे पुरावा नव्हे.

आवारात पाऊस पडतच होता. चाचांनी काचेत काय बघितलं असेल, हे डोक्यातून जाईना. शेवटी मी दोन पंच बोलावून छत्रीखाली उभे केले, भिजलेल्या रेनकोटसकट दोन शिपायांना मागच्या सीटवर बसवलं, स्वतः पुढे बसलो आणि दारं लावून घेतली. सगळ्यांना सांगितलं, बोलत राहा, काचेला हात लावायचा नाही. बाहेरून गार पाणी, आतून आमचे श्वास. हळूहळू काच पांढरी होत गेली.

आणि त्या पांढऱ्यात हात उमटू लागला.

स्टिअरिंगच्या बरोबर समोर, वरून खाली ओढलेला तळवा. त्याच्या शेजारी दुसरा, घाईनं आडवा फिरवलेला. पाच बोटांचे पट्टे, एका बोटाजवळ अंगठीनं ओढलेली बारीक रेघ. काच कोरडी असताना यातलं फारसं काही दिसत नव्हतं. अपघाताच्या दुपारी ज्यानं समोरचं दिसावं म्हणून धडपड केली, त्याची ती धडपड काचेनं जशीच्या तशी ठेवली होती. मागचा शिपाई हळूच “आई गं” म्हणाला. मला फोटो घ्यायचं भान आलं तेही पंचानं काच ठोठावली तेव्हा.

ठसेतज्ज्ञांना बीडला निरोप पाठवला. पावसानं रस्ता अडलेला, त्यांना यायला वेळ होता. तोवर मी बागायतदाराच्या मुलाला चौकशीला बोलावून घेतलं. पंचविशीचा, अंगावर इस्त्रीचे कपडे, बोटात अंगठी. उत्तरं पाठ केलेली. “मी घरी होतो. गाडी चाचांकडे होती.” मी वाद घातला नाही. म्हटलं, चला, जरा गाडीत बसू.

मुलाला स्टिअरिंगमागे बसवलं, शेजारी चाचांना. मी मागे बसलो. दारं लागली. मी एक अक्षर बोललो नाही. पोलिसानं गप्प बसायचं कधी, हे कळायला फार वर्षं लागतात. काच पांढरी होऊ लागली आणि तो हात पुन्हा वर आला. मुलगा त्याच्याकडे बघत राहिला. अंगठीचा हात त्यानं मांडीखाली दाबला.

चाचा माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलले. आवाजात राग नव्हता, पोराचं चुकलेलं गणित बघून मास्तरनं बोलावं तसं बोलले. “हातानं पुसलीस काय रे, बेटा? हाताला तेल असतंय. हातानं पुसली की काच अजून धरती.”

मुलाचा चेहरा वेडावाकडा झाला. “मला काहीच दिसत नव्हतं, चाचा. मित्र होते मागं, सगळे भिजलेले. पुसलं की परत धरायचं. पुसलं की परत.”

“आन् नंतर?”

“आवाज आला. आरशात बघितलं, आरशावर नुसतं पाणी. काही दिसलं नाही. मग मी धरून चाललो की खड्डा होता.”

“काच खाली करून बघायची व्हती,” चाचा म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, गुन्हा माझाच हाय. ह्याला क्लच शिकवला, ब्रेक शिकवला, घाट शिकवला. काच पुसायचं तेवढं शिकवलं न्हाई. ह्याच्या जन्मापासनं मीच पुसत आलो ना. ह्याला वाटलं काच असतीच साफ.”

मुलगा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू लागला आणि चाचांनी खिशातलं ते फडकं काढून त्याच्या हातात दिलं.

पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे मला वाचकांना सांगायला नको. काचेवरचे ठसे, मित्रांचे जबाब, मोबाईलची नोंद, सगळं रीतसर जोडून मुलाला अटक केली. घरून फोन आले, वरून आले. मी प्रत्येकाला एकच सांगितलं, काचेवरचा हात येऊन बघून जा. कुणी आलं नाही. चाचांनी खोटं सांगितलं हे मी अहवालात लपवलं नाही, पण त्यांना आरोपी न करता साक्षीदार केलं. फळविक्रेता वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला. त्याच्या बायकोला मी स्वतः जाऊन सांगितलं की आवाज त्या मुलाला आला होता. ती म्हणाली, “बरं झालं, खरं बोलला.” माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि का म्हणावं?

या केसनं मला एक गोष्ट शिकवली. आरोपी काय कबूल करतो याकडे आपण कान लावून बसतो. तो काय कबूल करायला तयार नाही, तिथं बहुतेक वेळा खरा माणूस सापडतो. पुढच्या नोकरीत याचा मला फार उपयोग झाला.

शेवटचं सांगतो. कोर्टाच्या आदेशानं गाडी सोडली तेव्हा जामिनावर सुटलेला मुलगा आणि चाचा दोघंही घ्यायला आले होते. पाऊस भुरभुरत होता. मी सुपूर्दनाम्यावर सह्या घेतल्या आणि व्हरांड्यात उभा राहिलो. चाचांनी दार उघडलं, स्वच्छ फडकं मुलाच्या हातात दिलं आणि स्वतः हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले. मुलगा आत वाकून पुसत होता, स्वतःच्याच हाताची खूण. बराच वेळ पुसल्यावर त्यानं वळून बघितलं.

चाचा वाकले, काच निरखली आणि म्हणाले, “कोपरा राहिलाय.”

मुलानं पुन्हा फडकं घेतलं.